पातळ बुडाचं पातेलं

जानेवारीत सरोवर गोठतं, जहाजं थांबतात,
पूल उचलायला कुणी लागत नाही.
दुलुथच्या त्या पुलावर बावीस वर्षं माझा हात
आणि पुलाखालच्या टपरीत, पाळी संपली की,
आह्तीची कॉफी. त्यात एक सिरप,
ज्याला नाव नव्हतं.
बाटलीवर खडूने नुसता चारचा आकडा.

यंदा टपरीला फळ्या ठोकल्या.
आह्ती गेला ॲरिझोनाला, लेकीकडे, गुडघे शेकत बसायला.
मीही निवृत्त. बाहेर उणे सव्वीस.
म्हटलं, चार नंबर आता आपणच करावं.

एक वाटी साखर, एक वाटी पाणी,
एवढं तर कुणालाही येतं. मला आलं नाही.
पहिल्या खेपेला ढवळत राहिले,
सकाळी बाटलीत खडीसाखर.
दुसऱ्या खेपेला लिंबू सढळ पिळलं, कपात दूध फाटलं.
तिसऱ्याला कळलं, की एकतारीवर जाऊ द्यायचा नाही पाक,
नाहीतर गार कॉफीत तो तळाशी जाऊन बसतो
रुसलेल्या जावयासारखा.

मग व्हॅनिला. एका शेंगेला अकरा डॉलर.
उभी चिरली, सुरीच्या पाठीने खरवडली,
काळे कण पाकात तरंगू लागले.
छान होतं. चार नव्हतं.
मग वेलदोडा, शेजारच्या इंगेबोर्गच्या डब्यातला.
ती पावात घालते. म्हणाली, कुटू नकोस, नुसता ठेच,
आणि दार लावण्याआधी पुन्हा म्हणाली, नुसता ठेच.
मग लॅव्हेंडर.
वाल्फ्रिडने एक घोट घेतला, कप खाली ठेवला:
"मावशीच्या कपाटात बसून कॉफी पितोय असं वाटतं."
मग स्प्रूसचे कोवळे कोंब, जूनमध्ये खुडून गोठवलेले.
"फरशी लख्ख निघेल," म्हणाला,
पण कप संपवला. संपवला, हे मी लिहून ठेवलंय.

लिहून ठेवते मी सगळं. पुलावरची सवय:
वेळ, जहाज, उंची, वारा.
फ्रिजच्या दारात नऊ बाटल्या, नऊ पट्ट्या, नऊ तारखा.
दुधाला जागा नाही.

शेवटी फोन केला.
पलीकडे कुणीतरी झाडांना पाणी घालत होतं, जानेवारीत!
"आह्ती, चारमध्ये काय असायचं?"
तो हसला, खोकला येईपर्यंत हसला.
"आउने, चार म्हणजे चौथी शेगडी गं.
तिच्यावरचं पातेलं पातळ बुडाचं, एका कडेला करपायचंच.
साखर फेकणं परवडायचं नाही.
चिमूटभर मीठ टाकायचो, कळू नये म्हणून."

माझी पातेली सगळी जाड बुडाची,
लग्नातली, चाळीस वर्षं एकही करपलेलं नाही.
त्याचा मला अभिमान होता, उगाच का खोटं बोला.

जुन्या सामानाच्या दुकानात एक मिळालं, पाऊण डॉलरला.
दुकानदार म्हणाला, "बाई, याचं बूड वाकलंय."
म्हटलं, "म्हणूनच."

साखर टाकली आणि हात मागे बांधून उभी राहिले.
कड पिवळी झाली, मधाळ झाली, तपकिरी झाली.
ज्या बाईने बावीस वर्षं
सेकंदभरही काही बिघडू दिलं नाही
तिला शेगडीसमोर नुसतं उभं राहणं
किती जड जातं, ते कुणाला सांगू?
धूर निघाला. छताचा भोंगा ओरडला.
वाल्फ्रिड टॉवेल फडकावत धावला.
मी कडेने पाणी सोडलं, ते चवताळून उसळलं,
आणि त्या उसळीत
एकदम टपरी.
ओले हातमोजे, डिझेल, आह्तीचा कळकट रेडिओ.

मीठ घातलं. गाळलं. कपात दोन चमचे.
वाल्फ्रिडने घोट घेतला, पुलाकडे बघत राहिला.
"जवळ आलंय," म्हणाला. "अजून थोडं करपू दे."

बाटलीवर पट्टी लावली:
चार. सतरा जानेवारी. जहाज नाही.
उंची शून्य. वारा वायव्येचा.